रिझनिंग मराठीतही विचारा, इंग्रजीचं माप एकदाच घ्या

मार्च-एप्रिल आला की आमच्याकडे दोन सीझन एकदम सुरू होतात, एक आंब्याचा आणि दुसरा एमबीएच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा. शनिवार-रविवार कणकवलीला माझ्याकडे सात-आठ पोरं येतात, शेवटच्या वर्षाला असलेली किंवा नुकतीच ग्रॅज्युएट झालेली, कोणी बीकॉम, कोणी बीएस्सी, एक इंजिनियर पण आहे, आणि त्यातली निम्मी तरी या दिवसांत सकाळी बागेत नाहीतर पॅकिंगला असतात आणि दुपारी येऊन मॉक टेस्ट देतात. मी पण इथूनच सीईटी देऊन एमबीए केलं, मुंबईत नोकरी केली आणि आता घरून काम करते. क्लास वगैरे नाहीये हा, फी नाही, माझ्या वेळी मला सांगणारं कोणी नव्हतं म्हणून घेते इतकंच. पण गेली काही वर्षं या पोरांच्या शेजारी बसून पेपर सोडवताना एक गोष्ट इतक्या वेळा बघितलीय की आता ती मोठ्याने बोलायलाच हवी असं वाटतं.

गेल्या सीझनची गोष्ट. देवगडकडची एक मुलगी, वडिलांची कलमं आहेत, बीकॉमला चांगले मार्क, आणि जीमॅटच्या, म्हणजे बिझनेस स्कूलसाठी जगभर चालणाऱ्या परीक्षेच्या, सरावातला एक प्रश्न घेऊन अडली होती. त्या परीक्षेत डेटा सफिशियन्सी नावाचा प्रकार असतो, उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तर काढायला पुरते का एवढंच ठरवायचं असतं. इंग्रजीत कुठल्यातरी फॅक्टरीचे दोन साइजचे डबे, त्यांचं एकूण वजन, आणि त्यांच्या संख्येचं नातं असं काहीतरी होतं. चार-पाच मिनिटं ती त्या वाक्यांवरून बोट फिरवत होती. मग मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हे बघ, बागेतून पाच डझनच्या आणि सहा डझनच्या अशा दोन प्रकारच्या पेट्या भरल्या, एकूण पेट्या किती ते सांगायचंय. पहिली माहिती, सगळे मिळून ३२० डझन आंबे भरले. दुसरी माहिती, पाचच्या पेट्या सहाच्या पेट्यांच्या दुप्पट. कुठली माहिती पुरेल? मी वाक्य संपवायच्या आत ती म्हणाली, "ताई, एकान काय जमाचा नाय, दोनय व्हयीत." आणि का ते पण सांगितलंन, की नुसत्या ३२० डझनवरून पेट्या कितीही प्रकारे बसवता येतील, आणि नुसतं दुप्पट म्हटलं तर एकूण माल किती तेच माहीत नाही. ४० आणि २०, मिळून ६० पेट्या, हे तर तिने न विचारता तोंडी केलं.

डब्यांचा आणि पेट्यांचा प्रश्न एकच होता. डोकं पण तेच होतं. मधे फक्त भाषा बदलली.

आता कोणी म्हणेल की हे तर उदाहरण ओळखीचं दिलंस म्हणून जमलं, भाषेचा काय संबंध. मला पण तसंच वाटलं होतं. म्हणून नंतर मी तोच फॅक्टरीच्या डब्यांचा टाइप, आकडे बदलून, आंबे न आणता, साध्या मराठीत लिहून दिला, आणि मिनिटभरात बरोबर आला. ती मुलगी इंग्रजीत नापास होणारी नाही, बातम्या वाचते, ईमेल लिहिते, इंटरव्ह्यूला बोलू पण शकेल. पण इंग्रजी वाक्य तिला दोनदा वाचावं लागतं, आणि परीक्षेत दोनदा वाचायला वेळ नसतो.

वेळेचा हिशोब बघा म्हणजे कळेल. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीला २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात ७५ प्रश्न लॉजिकल रिझनिंगचे, २५ आकृत्यांचे म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट रिझनिंगचे, ५० गणिताचे आणि ५० व्हर्बलचे म्हणजे इंग्रजीचे. कागदावर बघितलं तर इंग्रजी फक्त ५० मार्कांची. पण ते लॉजिकलचे ७५ कशात आहेत? इंग्रजीत. आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत, कोण कोणाच्या डावीकडे, कोणाचा धंदा काय, कोणाला कुठला रंग आवडतो, पुरं पान भरून मजकूर. गणितातले शाब्दिक प्रश्न, ते पण इंग्रजीत. म्हणजे आकृत्यांचे २५ आणि थोडीफार निव्वळ आकडेमोड सोडली तर उरलेल्या अख्ख्या पेपरात इंग्रजी वाचायच्या स्पीडची परीक्षा चालू असते, आणि मार्कलिस्टवर त्याला नाव मात्र रिझनिंगचं आणि गणिताचं. ज्याची दहावीपर्यंतची शाळा जिल्हा परिषदेची किंवा गावातल्या हायस्कूलची, त्याच्याकडून इंग्रजीचं माप तीन वेळा घेतलं जातं. माझं एवढंच म्हणणं आहे की ते एकदाच घ्या. त्या ५० प्रश्नांत घ्या, हवं तर अजून कडक करून घ्या, पण लॉजिक आणि गणित स्क्रीनवर इंग्रजीबरोबर मराठीतही येऊ दे.

याला पहिली हरकत ठरलेलीच असते, की एमबीए इंग्रजीत शिकवतात, नोकरी इंग्रजीत, मग परीक्षा मराठीत कशाला. ही हरकत मी फालतू समजत नाही, कारण मी स्वतः पहिल्या सेमिस्टरला केस स्टडी वाचताना रडलेय. इंग्रजी लागतंच. पण म्हणून तर त्याला वेगळा सेक्शन आहे ना? मार्कशीटवर तीन वेगळे आकडे छापायचे आणि तिन्हीमधून एकच गोष्ट मोजायची याला अर्थ नाही. शिवाय अ‍ॅडमिशन झाल्यावर पोरगं दोन वर्षं इंग्रजीतच राहतं, सहा महिन्यांत त्याचा वाचायचा वेग वाढतो, हे मी माझ्यावरून आणि मागच्या बॅचच्या पोरांवरून सांगते. तर्क करायची सवय मात्र अशी सहा महिन्यांत येत नाही, ती आधीपासून असावी लागते. मग दारावर कशाची चाचणी जास्त नीट व्हायला हवी?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे काम आपल्याच राज्यात आधीपासून होतंय. एलएलबीची सीईटी पण एमबीएची परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी सेलच घेतो आणि तो पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो, त्यातही लॉजिकल रिझनिंग आहे. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, तरी वकील व्हायला निघालेल्या पोराला रिझनिंग मराठीत वाचता येतं, मग मॅनेजर व्हायला निघालेल्याला का नाही? बारावीनंतरच्या एमएचटी सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीत घेता येतं. केंद्राच्या नीट आणि जेईई मेन पण १३ भाषांत होतात आणि त्यात मराठी आहे. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा सीसॅट, ८० प्रश्न, तर्क, गणित, निर्णयक्षमता सगळं त्यात, आणि मराठी-इंग्रजी शेजारी शेजारी. म्हणजे प्रश्न काढणारी माणसं आहेत, भाषांतर करणारी आहेत, सॉफ्टवेअर पण आहे. हे मला कोणीतरी समजावून सांगा, की मग अडतंय कुठे.

(आमच्या जिल्ह्यातलीच एक आठवण सांगते. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण सुरू केलं तेव्हा एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले होते. खिळे जुळवून छापायच्या काळात ते झालं, आता तर स्क्रीनवर एक बटण दाबायचंय.)

आता व्याकरण. सुरुवातीचा डब्यांचा प्रश्न जीमॅटच्या सरावातला होता म्हणून त्या परीक्षेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते खरा पुरावा तिथेच आहे. जीमॅटच्या व्हर्बलमध्ये म्हणजे इंग्रजीच्या भागात कित्येक वर्षं सेंटेन्स करेक्शन असायचं, एक वाक्य, त्याचा भाग अधोरेखित, पाच पर्याय, व्याकरणाने बरोबर कुठला ते निवडा. व्हर्बलचा साधारण तिसरा हिस्सा त्यातच जायचा. पोरं महिनोन् महिने त्याचे नियम घोकायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवीन रूप आलं, जीमॅट फोकस, आणि त्यातून सेंटेन्स करेक्शन पूर्ण काढून टाकलं. निबंध गेला, क्वांटमधली म्हणजे गणितातली भूमिती पण गेली. आता ४५ मिनिटांचे तीन सेक्शन, क्वांट २१ प्रश्न, व्हर्बल २३ आणि डेटा इनसाइट्स म्हणजे दिलेल्या माहितीवरचे २०, सगळे मिळून सव्वादोन तास. व्हर्बलमध्ये उरलं फक्त उताऱ्याचं आकलन आणि क्रिटिकल रिझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासणं. इंग्रजीतच शिकवणाऱ्या शाळांची ही परीक्षा, आणि तिने व्याकरणाचे मार्क देणं थांबवलं, तरी त्या स्कोअरवर अ‍ॅडमिशन व्यवस्थित चालूच आहेत.

व्याकरणाचे ते प्रश्न आमच्या पोरांना का जड जायचे ते मी खूप जवळून बघितलंय आणि त्याचा बुद्धीशी संबंध नव्हता. एक उदाहरण देते. "किनाऱ्यावरून चालताना सूर्य बुडाला." हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, चालत कोण होतं ते ऐकणाऱ्याला कळतं, सूर्य चालत होता असं कोणाच्या मनात पण येत नाही, कारण आपलं "चालताना" पुढच्या कर्त्याला बांधलेलं नसतं. हेच शब्दाला शब्द इंग्रजीत नेलं की चूक, कारण तिथे सुरुवातीचा तो तुकडा पुढच्या कर्त्यालाच चिकटतो, म्हणजे सूर्यच चालायला लागला. पोरगं ते वाक्य बरोबर म्हणून टिक करायचं आणि मार्क जायचा. त्याने विचार चुकीचा केला का? त्याने मराठीत विचार केला, आणि मराठीत तो बरोबर होता.

दुसरं, क्रियापद कोणाच्या मागे जातं. "आईने भाकरी भाजली, आईने भाकऱ्या भाजल्या, आईने मासा भाजला", आई तीच पण क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला सोडत नाही, आणि कर्ता वाक्यात लांब असला तरी त्याचंच ऐकतं. "द बास्केट ऑफ मँगोज" च्या पुढे "वॉज" की "वेअर" विचारलं की आमच्यातली निम्मी "वेअर" म्हणतात, कारण कान शेवटच्या आंब्यांवर असतो. मी त्यांना सांगते की आधी मराठीसारखा कर्ता शोधा, पेन्सिलने गोल करा, "ऑफ"पासूनचा तुकडा हाताने झाका आणि मग वाचा. आणि आर्टिकल तर आपल्या भाषेत नाहीतच, "अ" कुठे आणि "द" कुठे हे नियमाने कमी आणि वाचून वाचून कानाने जास्त येतं, त्याला वर्ष जातं. हे सगळं शिकवू नये असं मी अजिबात म्हणत नाही, उलट आठवी-नववीत शिकलेले कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग हाताशी धरले तर इंग्रजी व्याकरण आमच्या पोरांना कुठल्याही क्लासच्या पीडीएफपेक्षा लवकर कळतं, मी करून बघितलंय. फक्त त्याला इंग्रजी म्हणा, रिझनिंग म्हणू नका.

क्रिटिकल रिझनिंग शिकवायला तर मी आता इंग्रजीतून सुरुवातच करत नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते, गावात नवीन जेटी झाली, त्यानंतर दोन महिन्यांत मासळी जास्त मिळायला लागली, म्हणजे जेटीमुळे मासळी वाढली. हे म्हणणं कशाने कमकुवत होईल? वेंगुर्ल्याचा एक पोरगा, घरचा ट्रॉलर आहे, लगेच म्हणाला, "पावसाळो सरलो काय मासो गावताच, जेटीचो काय संबंध?" झालं की. एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, आणि दुसरं कारण दाखवलं की युक्तिवाद पडतो, हे त्याला पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचा मोसम बघत वाढल्यामुळे कधीच कळलेलं होतं. मग आम्ही तेच इंग्रजीत करतो, कुठल्यातरी शहराने नवीन ट्रॅफिक सिग्नल बसवले आणि अपघात कमी झाले वगैरे. गाठ एकदा मराठीत सुटली की इंग्रजीतली दिसायला लागते. उलट क्रमाने शिकवलं तर पोरं पर्यायातले शब्द जुळवत बसतात.

भाषांतराची हरकत मात्र मला खरी वाटते. यूपीएससीने २०११ मध्ये सीसॅट आणला, मग हिंदीतल्या भाषांतराच्या दर्जावरून आणि इंग्रजीवरून २०१४ ला दिल्लीत पोरं रस्त्यावर आली, आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांवर नुसता पास व्हायचा राहिला. वाईट भाषांतर इंग्रजीपेक्षा जास्त नुकसान करतं. आमच्या पोरांना तर त्याचा दुप्पट त्रास, कारण घरात मालवणी आणि परीक्षेत जी मराठी येते ती कोणाच्याच घरात बोलत नाहीत. "खालील विधानात कोणते गृहीतक अध्याहृत आहे?" हे वाचून माझ्याकडची तीन पोरं म्हणाली की ताई आम्ही इंग्रजीच वाचतो. बरोबर आहे त्यांचं. तेच असं विचारा, "हे म्हणणं खरं धरायचं तर आधी काय मान्य करावं लागेल?" काही अर्थ कमी झाला का? म्हणून मागणी नुसती मराठीची नाही, वाचणाऱ्याला एका वाचनात कळेल अशा मराठीची आहे. दोन्ही भाषा समोर असू दे, शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम असं नीटच्या पेपरला ठरलेलंच आहे, तोच नियम इथे लावा.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला, २०२४ ला बारावीला ९७.५१ टक्के आणि दहावीला ९९.०१ टक्के. पेपरात हेडिंग येतं, आम्हाला पण बरं वाटतं. तीच पोरं तीन-चार वर्षांनी ग्रॅज्युएट होतात आणि मग बॅग भरून पुण्याला नाहीतर दादरला जातात, क्लासची फी, रूमचं भाडं, मेस, आणि घरी आंब्याच्या सीझनला दोन हात कमी. ज्यांच्या घरी ते परवडत नाही त्यांनी फॉर्मच भरायचा नाही. क्लास वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, पण तिथे नेमकं काय विकत मिळतं ते बघा, गणित तर बहुतेक दहावीपर्यंतचंच आहे, टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, थोडं क्रमपर्याय-संयोग. विकत मिळते ती इंग्रजी प्रश्न झटकन वाचायची सवय. इथल्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला आठवड्यातून दोन तास, लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर वेळ लावून सराव घेतला तरी पुष्कळ काम होईल. काही गोष्टी तर नुसत्या सांगण्याच्या आहेत, जशा की आपल्या सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, आणि आयआयएमच्या कॅट परीक्षेला चुकीच्या पर्यायाला एक मार्क जातो म्हणून तिथे सोडायला शिकायचं. माझ्याकडे आलेल्या एकीने पहिल्या वर्षी सीईटीला तीसेक प्रश्न कोरे ठेवले होते, कारण तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं.

देवगडच्या त्या मुलीचं पुढे सांगते. एप्रिलमध्ये तिने पूर्ण वेळ लावून मॉक दिली, लॉजिकलच्या ७५ पैकी ५२ पर्यंत पोचली आणि उरलेले २३ शेवटच्या मिनिटात डोळे मिटून टिक केले. नंतर मी ते २३ मराठीत वाचून दाखवले, घड्याळ लावून, तेवढ्याच ४५-४५ सेकंदांत, आणि त्यातले १४ बरोबर आले. ती म्हणाली, "ताई, माका येयत होते गो, वाचूकच गावले नाय." मी तिला काय उत्तर देणार होते?

तेव्हापासून मी जुन्या टाइपचे कोडी-प्रश्न साध्या मराठीत लिहून काढतेय, गोल टेबल, रक्ताची नाती, दिशा, विधान-निष्कर्ष असे, आतापर्यंत एकशेवीस झालेत. शंभरएक नीट तपासून झाले की सीईटी सेलला पत्राबरोबर पाठवणार आहे, म्हणजे निदान हे होऊ शकतं हे त्यांना कागदावर दिसेल. माझी मराठी सिंधुदुर्गाकडची, त्यामुळे रत्नागिरी, रायगड, आणि घाटावरच्या पण कोणीतरी वाचून कुठला शब्द अडतो ते सांगायला हवंय. "डावीकडून तिसरा" आणि "डाव्या टोकापासून तिसरा" यात आमच्यातच दोन मतं पडलीत.